अजून बोलतेय ती

मार्चमधली गोष्ट. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या एका फार्मवर, ज्याचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, एका म्हाताऱ्यानं मला सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू, विकायला चक्क नकार दिला. म्हणजे दुकान बंद होतं असं नाही. रस्त्याकडेला प्लायवूडच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगानं मोठ्ठ्या अक्षरांत सायडर लिहिलेलं, शेडचं दार सताड उघडं, आत एकाला लागून एक ओकची पिंपं, आणि हा बाबा गमबूट घालून समोर उभा. मी हातातला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन पुढे केला तर म्हणाला, मागच्या वर्षीची संपली आणि ही अजून झालेली नाही. मी म्हटलं कच्ची असली तरी चालेल हो, एवढी ब्रिस्टलहून आलेय. त्यावर तो हसला नाही, चिडलाही नाही, एका पिंपाजवळ घेऊन गेला आणि म्हणाला कान लाव. लावला. आत बारीक सुरसुर चालू होती, थांबून थांबून, जरा वेळ काहीच नाही आणि मग परत. "अजून बोलतेय ती," म्हणाला, "गप्प झाली की ये. मे मध्ये ये." वर निरोपाचं 'माय लव्हर', जे इकडे कोणीही कोणालाही म्हणतं, तेव्हा गैरसमज नको.

परत येताना गाडीत मी धुसफुसत होते. नवरा म्हणाला अगं संपली असेल त्याची, जाऊदे, वाटेत टेस्कोचं सुपरमार्केट लागेल. पण संपलेली नव्हती ना! पिंपं भरलेली होती, मी पैसे द्यायला तयार होते, आवडली नसती तर माझं मी बघून घेतलं असतं. इतका साधा व्यवहार आणि त्यात हा माणूस मला सांगतो की मालाची अजून तयारी नाही. आता इतकी वर्षं या देशात राहून सवय अशी झालीय की डिसेंबरात आंबा मिळतो, जूनमध्ये संत्रं मिळतं, 'सध्या नाही' हे वाक्यच कानावर येत नाही. त्यामुळे राग आला की बरं वाटलं हे मला घरी पोचेपर्यंत नीट कळलं नव्हतं. आईचा फोन आला तेव्हा सांगितलं, सफरचंदाचा रस आणायला गेलो होतो, मिळाला नाही. यात खोटं तसं काहीच नाही.

सायडर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहितीये. उंच ग्लास, काठोकाठ बर्फ, चकचकीत सोनेरी रंग, भरपूर फेस आणि गोड गोड चव. इंग्लंडला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसच्या बार्बेक्यूला मीही तीच प्यायले आणि मस्त वाटली, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण इथला नियम असा आहे की सायडर म्हणून विकायला त्यात ३५ टक्के सफरचंदाचा रस असला की पुरे, आणि तोही कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे आटवलेल्या रसाचा, चालतो. उरलेलं काय तर पाणी आणि साखर. मग ती गाळायची, पाश्चराइझ करायची, वरून गॅस भरायचा. वर्षभर एकच चव. आणि आता तर क्लाउडी असं लेबल लावलेल्या बाटल्याही शेल्फवर दिसतात, लेबलवर हमखास एक झाड आणि एक जुनी लाकडी पेटी. पुण्याहून मैत्रीण आली होती तिनं तीच उचलली, बघ गढूळ आहे म्हणजे ओरिजिनल. गढूळ असणं आणि ओरिजिनल असणं यांचा संबंध आहे, पण उलट्या बाजूनं. चांगली सायडर बऱ्याचदा गढूळ असते कारण तिला कोणी गाळलेलं नसतं, यीस्टचे कण आणि फळातलं पेक्टिन तिच्यात तरंगत असतं. बरं, काही पिंपं तर नुसती ठेवून ठेवून वसंतापर्यंत आपोआप नितळ होतात आणि तीही तितकीच अस्सल. गढूळपणा हा पुरावा नव्हे.

पुरावा जिभेवर मिळतो, आणि पहिल्या घोटाला तो आवडेलच असं नाही.

याचं कारण सफरचंदं. सायडरची सफरचंदं खायची नसतात. मी एक चावून बघितलंय, दिसायला गोंडस, लालबुंद, टेबल टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडं मोठं, आणि चावल्यावर आधी गोड लागतं आणि मग तोंडातलं सगळं पाणी कोणीतरी काढून घेतल्यासारखं होतं, जीभ टाळूला चिकटते, गालाच्या आतली कातडी सुकते. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि सगळा खेळ त्याचाच. आमच्या घरापासून जवळ लाँग ॲश्टनला १९०३ साली सायडरच्या संशोधनाची एक संस्था निघाली होती. तिथल्या बार्कर नावाच्या प्राध्यापकांनी आंबटपणा आणि टॅनिन मोजून या सफरचंदांचे चार गट पाडले, गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट, आणि आजही सायडर करणारे त्याच भाषेत बोलतात. (तिथेच पुढे काळ्या करंटच्या रसावर काम झालं आणि त्यातून रायबीना नावाचं सरबत आलं. संस्था २००३ मध्ये बंद झाली.) नावं तर काय एकेक, किंग्स्टन ब्लॅक, फॉक्सव्हेल्प, ब्राउन स्नाउट, यार्लिंग्टन मिल, स्लॅक-मा-गर्डल. डॅबिनेट नावाचं आहे, ते विल्यम डॅबिनेट नावाच्या माणसाला मिडल लॅम्ब्रुक गावाजवळच्या एका कुंपणात आपोआप उगवलेलं सापडलं आणि आज सॉमरसेटभर त्याच्याच बागा आहेत. कोणी एक्स्पर्ट नाही, कोणी ब्रीडिंग केलेलं नाही, कुंपणात उगवलं, चाखलं, बरं लागलं, कलमं केली.

करायची रीत साधी आहे, निदान सांगायला. ऑक्टोबरपासून फळं झाडावरून पडायला लागतात, उरलेली लांब काठीला आकडा लावून हलवून पाडतात, आणि काही दिवस ढिगात तशीच ठेवतात म्हणजे मऊ पडतात. मग गिरणीत घालून चोथा करायचा, तो कापडात थर थर करून बांधायचा, पूर्वी कापडाऐवजी गव्हाचा पेंढा वापरायचे, आणि थरावर थर रचून वरून दाब द्यायचा. या अख्ख्या थप्पीला चीज म्हणतात. रस निघतो तो तपकिरी. तो पिंपात भरायचा आणि मग काहीच करायचं नाही. यीस्ट घालायचं नाही, ते सालीवर, गिरणीवर, कापडात, शेडच्या भिंतीत सगळीकडे आधीच असतं. हिवाळाभर हळूहळू साखर संपत जाते, फार थंडी पडली की काम बंद, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब आली की परत सुरू. वसंतात आणखी एक गोष्ट होते, मॅलिक ॲसिड खाणारे जिवाणू जागे होतात आणि त्या बोचऱ्या आंबटाचं मवाळ लॅक्टिक ॲसिड करतात. म्हणजे मी कान लावला तेव्हा आत जे चाललं होतं ते हे. म्हातारा बाबा उगाच भाव खात नव्हता, मार्चमधली सायडर खरंच अर्धवट असते, आंबटपणा दातांवर येतो आणि साखर कुठेतरी अर्ध्यावर लटकलेली असते. पण हे कळूनही माझं समाधान झालं नाही. कारण त्यानं मला हे काही समजावलं नव्हतंच. त्यानं नुसता कान लावायला सांगितलं, आणि मी गप्प बसले.

मी गप्प बसले त्याचं कारण मला नंतर आठवलं. आमचं आजोळ सावंतवाडीला. एप्रिलमध्ये सुट्टी पडली की मामा आम्हा पोरांना घेऊन गोव्यात पेडण्याला त्याच्या मित्राच्या बागेत जायचा, काजूच्या. बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही घेतला त्याला सांगून कळणार नाही, गोड आणि उग्र आणि घशाला धरणारा, कपड्याला लागला तर डाग जात नाही. बिया काढून बोंडू दगडी कुंडात टाकायचे आणि पायांनी तुडवायचे. मग त्या चोथ्याची नुडी, म्हणजे ढीग, बांधायची, भोवती वेल गुंडाळायचा आणि वर मोठा दगड ठेवायचा, त्यातून थेंब थेंब जो नितळ रस गळायचा तो नीरो, तो आम्हा पोरांचा. मोठ्यांची हुर्राक. तुडवलेला रस आंबवून एकदाच भट्टीतून काढला की हुर्राक, पुढे परत काढली की फेणी. मामा ग्लासात हुर्राक, वर लिम्का, एक हिरवी मिरची मधोमध चिरून आणि मीठ टाकून घेऊन बसायचा, आणि मी एकदा विचारलं की मामा दिवाळीत का नाही पीत हे, तर म्हणाला, "ह्यां मे म्हयन्यापर्यंतच गो, मगे गावाचा नाय." त्यात काही दुःख वगैरे नव्हतं. पावसात गावत नाही म्हणजे नाही, तेव्हा दुसरं काहीतरी गावतं. आता हुर्राक भट्टीतून उतरते आणि सायडर नुसती बसल्या बसल्या होते, दोन्हींत मोठा फरक आहे, पण लेबल नसलेली बाटली, कोणाच्या तरी घरामागची शेड, आणि अमुक महिन्यापर्यंतच हे सांगणारा माणूस, हे सगळं इतकं ओळखीचं निघालं की सॉमरसेटच्या चिखलात उभी असताना मला क्षणभर घाम आला.

मामाची एक भानगड होती, जे काय प्यायचं ते पेडण्यातच, कारण सोबत बाटली असली तर गोव्यातून महाराष्ट्रात शिरताना इन्सुलीच्या नाक्यावर पकडणार. गोव्यात जी हुर्राक शेजारी शेजाऱ्याला देतो तीच काही किलोमीटरवर आल्यावर गुन्हा. आमच्या बाजूला बोंडू मात्र झाडाखाली सडून जायचे. इथे आल्यावर मला कळलं की वर्षाला ७० हेक्टोलिटर म्हणजे ७००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्या लहान शेतकऱ्याला १९७६ पासून ड्यूटी, म्हणजे दारूवरचा कर, नाहीच. म्हणून ही प्लायवूडची पाटी टिकून आहे. नाहीतर तो म्हातारा कशाला पिंपं भरत बसला असता, सफरचंदं गुरांना घातली असती. कायदा रोमँटिक नसतो पण कधी कधी तोच चव वाचवतो, हे मला आवडलं, आणि आमच्या बाजूचा कायदा आठवून थोडं वाईटही वाटलं.

पण या गावरान सायडरबद्दल लोक हल्ली जे गळे काढतात तेही मला पटत नाही. ती काही शेतकऱ्याची निरागस दारू नव्हती. इथल्या शेतमजुरांना मजुरीचा एक भाग सायडरमध्येच मिळायचा, प्रत्येकाचं छोटं लाकडी पिंप, सकाळी भरून न्यायचं, आणि कापणीच्या दिवसांत जास्त. म्हणजे पैशांऐवजी दारू, आणि दारू प्यायलेल्या माणसाकडून दिवसभर कोयता चालवून घ्यायचा. शेवटी १८८७ च्या कायद्यानं मजुरीत दारू द्यायला बंदी घातली. त्याच्याही आधी डेव्हनमध्ये लोकांच्या पोटात भयंकर कळा यायच्या, हातपाय लुळे पडायचे, आणि १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरनं दाखवून दिलं की दोष सायडरचा नाही, सायडरच्या प्रेसमध्ये वापरलेल्या शिशाचा आहे. आंबट रस शिसं विरघळवतो. बेकर स्वतः डेव्हनचाच, पण गावकरी त्याच्यावरच उखडले. तर 'पूर्वी सगळं कसं शुद्ध होतं' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

शिवाय वाईट सायडर भरपूर मिळते, आणि ती वाईट आहे हे कबूल करायला कोणी तयार नसतं. पिंपात हवा शिरली की ॲसिटिक ॲसिड व्हायला लागतं. चांगला आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, हा घशात ओरखडतो आणि नाकात चढतो. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला मात्र डोळे मिटून म्हणतो की हाच खरा कॅरेक्टर. कॅरेक्टर कसला, व्हिनेगर आहे ते, सॅलडवर घाल. दुसरा दोष याहून चमत्कारिक, त्याला उंदीर म्हणतात, आणि खरंच उंदराच्या पिंजऱ्याचा वास येतो, पण ग्लासात नाक घातलं तर येत नाही. घोट गिळल्यावर लाळेनं तोंडातली आम्लता कमी झाली की मग मागून हळूच वर येतो आणि जाता जात नाही. गंमत म्हणजे काही लोकांना तो येतच नाही. माझ्या नवऱ्याला येत नाही. त्यामुळे मी तोंड वाकडं करून ग्लास सरकवते आणि तो आनंदानं माझाही संपवतो, आमचा संसार याच तत्त्वावर चाललाय.

तर शोधायची कशी? ब्रिस्टलमध्ये राहणाऱ्याला तसं सोपं आहे. वेल्श बॅकला 'द ॲपल' म्हणून एक जुनी बोट बांधलेली आहे, तिच्यावर बसून पिता येते, उन्हाळ्यात गर्दी फार. क्लिफ्टनला 'कॉरोनेशन टॅप'मध्ये एक्झिबिशन नावाची सायडर फक्त अर्धा पाइंट देतात, कितीही मागा, ग्लास छोटाच. स्पाइक आयलंडला 'ऑर्चर्ड इन'मध्ये खरी मजा, तिथे काउंटरमागे पुठ्ठ्याच्या खोक्यांतल्या पिशव्यांमधून कुठल्या कुठल्या शेतांतल्या सायडर येतात. मी तिथे शिकले ते एवढंच की नाव बघून मागवायची नाही, थोडी चाखायला मागायची. चाखायला मागितलं की कोणी नाक मुरडत नाही. आणि बर्फ मागायचा नाही, गारठवली की तुरटपणा टोकदार होतो आणि वास झोपतो. शेतांवर जायचं तर सॉमरसेट लेव्हल्सकडे जायचं, सपाट ओलसर प्रदेश, छाटलेल्या विलोच्या झाडांच्या रांगा, पाण्याचे चर, हिवाळ्यात रस्ते पाण्याखाली. मडग्लीला रॉजर विल्किन्स यांचं लँड्स एंड फार्म आहे, तिथे पिंपं दोनच, ड्राय आणि स्वीट, मीडियम हवी असेल तर दोन्ही मिसळून घ्यायची. किंग्सबरी एपिस्कोपीला बरो हिलवाले आहेत, ते सायडरपासून ब्रँडीही काढतात. असं एक गेलं की पुढचं तिथलाच कोणीतरी सांगतो. मला तो म्हातारा असाच सांगोवांगीच मिळाला.

मे मध्ये गेले अर्थातच. बागेत फुलं संपत आलेली, गवतात पाकळ्या आणि मेंढ्या. त्यानं मला ओळखलं की नाही सांगता येत नाही, पण कान लावायला काही सांगितलं नाही, सरळ पिंपाच्या लाकडी नळातून ग्लासात बोटभर ओतली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. रंग फिका केशरी, आरपार काही दिसत नव्हतं. फेस शून्य. वासाला आधी ओलं गवत, गोठा, जरासं चामडं, आणि मग मागून सफरचंद, पण ताजं नाही, कपाटात ठेवून विसरलेलं, सुरकुतलेलं. चव पूर्ण कोरडी, साखरेचा एक कण नाही, आणि तरीही टॅनिनमुळे भरल्यासारखी, जीभ सुकते म्हणून पुढचा घोट घ्यावासा वाटतो आणि पुढच्या घोटानं ती आणखी सुकते. सहा-सात टक्के असेल, पण बसल्या जागी कळत नाही, उठल्यावर गुडघ्यांत कळतं. म्हटलं दोन कॅन भर. त्यानं एकच भरला. म्हणाला उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपव, दुसरा खराब होईल, संपला की ये. परत तेच! यावेळी मला राग नाही आला, पण हसूही आलं नाही, मनात म्हटलं अरे बाबा पेट्रोलचा खर्च कोण देणार. शिवाय एक विचार आल्याशिवाय राहिला नाही, की माझ्यासारखी बाहेरून आलेली, हौशी, शनिवारची गिऱ्हाइकं गेली तर याचं काय चालणार, आणि आमच्यामुळेच हे टिकायचं असेल तर एक दिवस इथेही बर्फाचं मशीन आणि गिफ्ट शॉप येणार. त्याला विचारलं, पुढे कोण करणार हे? खांदे उडवले आणि कुत्र्याला हाक मारली.

तो कॅन चीज आणि लोणच्यातल्या कांद्यांबरोबर संपवा असं इथले लोक म्हणतात, ते बरोबरच आहे, पण मी सांगते तळलेल्या सुरमईबरोबर पिऊन बघा. तेल आणि तिखट दोन्ही कापते. सोलकढी त्याच वेळी घेऊ नका, दोन आंबट एकमेकांशी भांडतात. डुकराच्या व्हिंडालूबरोबरही जमते. पुरणपोळीबरोबर अजिबात नाही, तो प्रयोग नवऱ्यानं केला आणि अर्धी पोळी टाकून दिली.

आता मंडळी म्हणतायत की सायडर झाली, पुढची पायरी पेरी. म्हणजे पेअरची, आपल्या नासपतीची. ग्लॉस्टरशरमध्ये मे हिल म्हणून एक टेकडी आहे, ती जिथून दिसते तेवढ्याच मुलखात चांगली पेरी होते असं सगळे ठामपणे सांगतात. झाडं शेकडो वर्षं जगणारी, फळं इतकी तुरट की डुकरंसुद्धा नको म्हणतात असं ऐकलंय. गेल्या आठवड्यात ऑर्चर्डमध्ये एका खोक्यातली मिळाली, सायडरपेक्षा नाजूक, फुलांचा वास, आणि मागे थोडी गोडी राहतेच, कारण पेअरमध्ये सॉर्बिटॉल असतं आणि ते यीस्टला खाता येत नाही. माणसालाही नीट पचत नाही म्हणा. काउंटरवरच्या बाईंनी ओतता ओतता जुनी म्हण ऐकवली, की पेरी मखमलीसारखी उतरते, ढगासारखी गडगडते आणि विजेसारखी निघते. पहिल्या दोन गोष्टींची मी खात्री करून घेतलीय, तिसरीचं नवऱ्याला विचारा.